स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट असह्य होतोय, गाडी न विकता आवाज कमी कसा करायचा?

वळणवेडा:
मंडळी मदत हवीये. सेकंडहँड दोन सीटर घेतलीये, व्ही ६ (सहा सिलिंडरचं इंजिन), टर्बो नाही, मॅन्युअल गिअर. गाडी झकास आहे, इंजिन खणखणीत, स्टीअरिंग तर विचारूच नका, पण आधीच्या मालकाने मागचा सगळा एक्झॉस्ट बदलून बाहेरचा बसवलाय आणि ओरिजिनल सायलेन्सरचं काय झालं ते त्याला आठवत नाही म्हणे. कमी वेगात, वळणाच्या रस्त्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आवाज ऐकायला खरंच भारी वाटतं. त्यावर माझी काही तक्रार नाही.

तक्रार हायवेवर सुरू होते. सहाव्या गिअरमध्ये शंभरच्या आसपास स्पीड ठेवला की आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) २३०० ते २५०० मध्ये असतो आणि तिथे अख्खी केबिन घुमायला लागते. कानापेक्षा छातीत आणि कवटीत जास्त जाणवतं ते. गाणी ऐकायचा प्रश्नच नाही, आवाज वाढवला तर दोन्ही मिळून अजून त्रास. गंमत म्हणजे ३००० च्या वर गेलं की हा घुमणारा प्रकार जवळजवळ गायब होतो, गाडी मोठ्याने ओरडते पण डोकं दुखत नाही. लांबच्या प्रवासात बायको आता सरळ म्हणते तू तुझ्या गाडीने ये मी माझ्या येते.

दुसरं म्हणजे पहाटेची ड्युटी. थंड इंजिन चालू केलं की पहिलं मिनिटभर जो काही कल्लोळ होतो त्याने अर्धी बिल्डिंग जागी होते, वरची खिडकी उघडल्याचा आवाज मला गाडीत बसून येतो. आणि ॲक्सिलरेटर सोडला की फाट फाट फटाके, ते वेगळंच.

फोनवरच्या ॲपमध्ये केबिनचा आकडा ७६-७७ डेसिबल येतो. मित्र म्हणतात एवढ्याने कोणाचं डोकं दुखत नाही, तू नाजूक आहेस. मी नाजूक आहे का? आणि टोकाला बसवायचे ते इन्सर्ट, दरवाज्यात-फ्लोअरला लावायच्या मॅट, यातलं खरंच काय चालतं? पूर्ण मुकी गाडी नकोय मला, फक्त माणसात आणायचीय.

रेडलाइन_राजा:
आवाज नको होता तर स्पोर्ट्स कार कशाला घेतली राव, इलेक्ट्रिक घ्यायची ना. तो आवाज म्हणजेच गाडी आहे. सहावा गिअर सोड, पाचव्यात चालव, ३००० च्या वर राहशील, प्रॉब्लेम सॉल्व्ह 😎

चौथा_मजला:
@रेडलाइन_राजा हो, आणि पेट्रोल तुम्ही भरून देणार का त्यांचं? काहीही काय.

वळणवेडा, ती वरची खिडकी उघडणारी बाई म्हणजे मीच असं समजा, कारण आमच्याकडेही अशीच एक गाडी आहे खाली. हायवेचं मला काही कळत नाही पण सकाळच्या मिनिटभराबद्दल सांगते कारण ते मी ऐकून ऐकून पाठ केलंय. आमच्या खालचे साहेब गाडी चालू करायचे, मग उतरून काच पुसायचे, मग बॅग डिकीत टाकायचे, मग बेल्ट, मग फोनवर रस्ता लावायचा, आणि हे सगळं होईपर्यंत गाडी आपली गुरगुरतीये. एक दिवस शांतपणे सांगितलं की हे सगळं चावी फिरवायच्या आधी करता येतं. तेव्हापासून गाडी चालू होते आणि लगेच निघते, मला जाग येते पण रक्तदाब वाढत नाही. आणि गाडी भिंतीकडे तोंड करून लावता की शेपूट करून तेही बघा. एक्झॉस्टची तोंडं भिंतीकडे असली की आवाज आपटून सरळ वर येतो.

आणि हे फक्त शेजाऱ्यांचं रडगाणं नाहीये बरं का. फोर्डने २०१८ च्या मस्टँगमध्ये चक्क ‘चांगला शेजारी’ या अर्थाच्या नावाची सोय दिली, ठराविक वेळेत गाडी आपोआप दबक्या आवाजात चालू होते. फोर्डच्याच एका इंजिनिअरच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीच्या आवाजावरून पोलिस बोलावले होते, तिथून ती कल्पना आली असं कंपनीनेच सांगितलं होतं. फरक साधारण १० डेसिबलचा, ८२ वरून ७२. म्हणजे व्ही ८ वाल्यांनाही जमतं.

पाना_दहाअकरा:
ताईंचं बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो. थंड इंजिन मुद्दाम १२००-१५०० आरपीएमवर फिरतं आणि स्पार्कही उशिरा देतं, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) अडीचशे-तीनशे डिग्रीच्या वर गेल्याशिवाय कामच करत नाही आणि त्याला लवकर तापवायचं असतं. तो आवाज ट्यूनिंगने काढायच्या भानगडीत पडू नको. पण उभी ठेवून गरम करण्यापेक्षा हळू चालवत, लवकर गिअर टाकत, २००० च्या खाली ठेवून निघालास तर कन्व्हर्टर लवकर तापतो आणि आवाजही तुझ्याबरोबर बिल्डिंगपासून लांब जातो.

आता मुख्य मुद्दा. काहीही विकत घ्यायच्या आधी गाडी लिफ्टवर घे आणि खाली उभा राहून स्वतः बघ. सेकंडहँड गाडीत आधीच्याने काय काय केलंय हे त्याच्या तोंडून कधीच पूर्ण कळत नाही. मी काय काय बघेन सांगतो.

पहिलं, लीक. प्रत्येक फ्लँजच्या (पाइप बोल्टने जोडतात त्या कडेच्या) गॅस्केटपाशी, जोडापाशी, वेल्डपाशी काळी काजळी दिसते का. थंड इंजिनवर टिक टिक येऊन गरम झाल्यावर ती कमी होत असेल तर पुढे मॅनिफोल्डपाशी (इंजिनमधून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांपाशी) लीक असायची शक्यता दाट. लीक हा नुसता आवाजाचा विषय नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. डिकीचं रबर फाटलेलं असेल किंवा फ्लोअरची रबरी बुचं गायब असतील तर धूर आणि आवाज दोन्ही तिथूनच आत येतात. काच थोडी उघडी ठेवून चालवतो म्हणजे बरं वाटतं असं काही जण करतात, त्याने उलट मागून धूर आत ओढला जाऊ शकतो, ते करू नको.

दुसरं, कन्व्हर्टर जागेवर आहेत का. बाहेरचा एक्झॉस्ट लावणारे हौशी लोक बऱ्याचदा तेही उडवून साधे पाइप टाकतात. मागे उभं राहून डोळे चुरचुरले, पेट्रोलचा कच्चा वास आला, तर शंका घे. ते नसतील तर परत बसवायलाच लागतील, बहुतेक देशांत ते काढून रस्त्यावर गाडी चालवणं बेकायदा आहे, आणि आवाजात पण ते चांगलं काम करतात.

तिसरं, सायलेन्सर कुठल्या जातीचा आहे. कंपनीचा बहुतेक वेळा आत खोल्या आणि आडवे पडदे असलेला असतो, वायू वळत वळत जातो आणि लाटा एकमेकींना मारतात. बाहेरचा बहुतेक सरळ आरपार असतो, भोकं पाडलेली नळी आणि भोवती फायबरचं पॅकिंग. हे पॅकिंग नवं असताना आवाज बरा असतो, मग उष्णतेने आणि वायूच्या माऱ्याने ते हळूहळू जळून उडून जातं आणि उरतो फक्त रिकामा डबा. बोटाच्या पेराने ठोकून बघ, पोकळ टणटण वाजला तर पॅकिंग गेलं. काही सायलेन्सर उघडून परत भरता येतात, वेल्ड केलेला असेल तर कापून भरायला लागतो.

चौथं, मधे रेझोनेटर (ठराविक सूर दाबणारा डबा) आहे का. बऱ्याच गाड्यांत हा छोटा डबा मधोमध असतो आणि आधी तोच उडवला जातो. त्याच्याकडे बघून वाटतं की काय करतो हा, आणि काढल्यावर समजतं.

इन्सर्टबद्दल. टोकाला भोक लहान करणारी नळी बसते, आवाजाची धार कमी होते, शिट्टी वाढते, वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं. आणि तुझं जे दुखणं आहे, ते घुमणं, बऱ्याचदा जसंच्या तसं राहतं. ट्रॅक डेला (रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवशी) आवाजाची मर्यादा असते तेव्हा दिवसभरापुरता ठीक, रोजच्याला नाही.

फाट फाटचं कारण बहुतेक ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) मॅप, म्हणजे इंधन आणि स्पार्क कधी द्यायचा याची सेटिंग. ॲक्सिलरेटर सोडल्यावर कंपनीचा मॅप इंधन तोडतो. फटाकेवाला मॅप थोडं इंधन चालू ठेवतो आणि स्पार्क उशिरा देतो, ते मग पाइपमध्ये पेटतं. कन्व्हर्टरची वाट लावायचा तो खात्रीशीर मार्ग आहे. मूळ मॅप परत टाकून घे, अर्ध्या शेजाऱ्यांचे आशीर्वाद तिथेच मिळतील.

लहरी_माणूस:
पानासाहेबांनी जे बघायला सांगितलंय ते सगळं आधी करच. मी फक्त घुमण्याबद्दल लिहितो कारण माझं कामच आवाजाचं आहे आणि इथे बहुतेक लोक ‘मोठा आवाज’ आणि ‘घुमणं’ एकच समजून पैसे घालवतात. तुझ्या पोस्टमध्येच उत्तर आहे बघ, ३००० च्या वर गाडी मोठ्याने ओरडते पण डोकं दुखत नाही. म्हणजे तुला एकूण आवाज कमी करायचा नाहीये, एका ठराविक फ्रिक्वेन्सीला पकडून मारायचंय.

गणित सोपंय. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सहा सिलिंडरचे एका फेरीत तीन ठोके. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, गुणिले तीन, १२० हर्ट्झ. चार सिलिंडरवाल्यांनी दोनने गुणायचं, आठवाल्यांनी चारने. आता पाइपची लांबी, केबिनची पोकळी, मागचा पत्रा, या प्रत्येकाला स्वतःची एक आवडती फ्रिक्वेन्सी असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर येतो ना, तसं. इंजिनचे ठोके त्या सुराशी जुळले की सगळं मिळून घुमतं, पुढे सरकले की थांबतं. म्हणून २४०० ला त्रास आणि ३२०० ला नाही.

आणि तू नाजूक नाहीयेस. ॲपवरचा आकडा बहुधा ‘ए’ वेटिंगचा आहे. माणसाचा कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो म्हणून या मोजमापात खालच्या सुरांना कात्री लावतात, १२५ हर्ट्झला साधारण १६ डेसिबल आणि ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल वजा करून दाखवतात. म्हणजे ॲप ७७ म्हणतंय तेव्हा खालच्या सुराचा खरा दाब ९०-१०० च्या घरात असू शकतो, आणि तोच तुला छातीत लागतोय. सेटिंगमध्ये ‘सी’ वेटिंग (खालच्या सुरांना फारशी कात्री न लावणारं) असेल तर ते लावून बघ, मित्रांना दाखव. बहिरा होशील का म्हणशील तर तशी भीती कमी आहे, कामाच्या ठिकाणी जी मर्यादा सांगतात ती ‘ए’ वर ८५ डेसिबल आठ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. तू त्याच्या खाली आहेस. पण थकवा आणि डोकेदुखी यायला ८५ लागत नाहीत.

आता एक काम कर. स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख) दाखवणारं कुठलंही ॲप घे, बायकोला (तयार असेल तर 😄) फोन धरायला बसव, तू आरपीएम बरोबर २४०० वर ठेव आणि उभे डोंगर कुठे येतात ते बघ. स्वतः चालवताना फोन बघू नको प्लीज. ते सांग, मग पुढचं बोलू.

कापूसवाला:
एवढं कशाला, इअरप्लग घाला आणि चालवा. मी बाइकवर वर्षानुवर्षं घालतोय.

लहरी_माणूस:
@कापूसवाला बाइकवर मुख्य त्रास वाऱ्याचा असतो, तिथे उपयोग होतो, मान्य. पण फोमचे प्लग वरचे सूर जास्त अडवतात आणि खालचे कमी. बंद कारमध्ये घातले तर मागचा हॉर्न आणि ॲम्ब्युलन्सचा सायरन दबेल आणि घुमणं तसंच शिल्लक राहील. शिवाय काही ठिकाणी गाडी चालवताना दोन्ही कान बंद करायला परवानगीच नाही.

शांत_केबिन:
मॅटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी माझ्या गाडीत लावल्यात. त्या काळ्या ब्युटाइलच्या मॅट पत्र्याची थरथर मारतात, त्यासाठीच असतात. डिकीचा पत्रा, मागच्या चाकावरचा भाग, दरवाजे, इथे लावल्या की टायरचा आवाज, खडखड एकदम कमी होते आणि गाडी महाग वाटायला लागते. पण १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज पत्र्यातून आरपार येतो आणि त्याला अडवायचं म्हणजे वजन लागतं, बरंच वजन. स्पोर्ट्स कारमध्ये पन्नास किलो रबर भरणार का? मी घुमण्यासाठी म्हणून लावल्या नव्हत्या हे बरं झालं. तुमच्या गाडीत सीटच्या मागे थेट डिकी उघडी असेल, बहुतेक दोन सीटरमध्ये असते, तर तिथे एक जाड आडपडदा आणि डिकीचं रबर एवढं नक्की करा. बाकीचं एक्झॉस्ट दुरुस्त झाल्यावर.

वळणवेडा:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. गाडी लिफ्टवर घेतली. रिपोर्ट असा:

कन्व्हर्टर दोन्ही जागेवर आहेत, हुश्श. एका फ्लँजपाशी काजळी होती, गॅस्केट बदललं, टिकटिक गेली. मागचे सायलेन्सर आरपारवाले, ठोकल्यावर दोन्ही पोकळ वाजले. डिकीचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं. मॅप बदललेला होता, मूळ टाकून घेतला, फाट फाट पूर्ण बंद आणि खरं सांगू का, मला त्याची आठवणही येत नाहीये.

आता स्पेक्ट्रम. बायको तयार झाली, म्हणाली डोकेदुखीचं चित्र तरी बघू दे. लहरीसाहेब, १२० ला डोंगर आहे तुम्ही म्हणालात तसा. पण त्याच्याहून मोठा डोंगर ६० ला आहे! हे कुठून आलं? गणितात तर ६० कुठेच नव्हतं. आरपीएम वर-खाली केलं की तोही बरोबर सरकतो, म्हणजे इंजिनचाच आहे.

आणि एक गोष्ट खाली दिसली. दोन्ही बाजूंचे पाइप पुढून मागपर्यंत स्वतंत्र जातात, कुठेच एकमेकांना भेटत नाहीत. मधोमध दोन्हीकडे नवे वेल्ड दिसतात, काहीतरी कापून काढून सरळ पाइप टाकल्यासारखं.

लहरी_माणूस:
हे वाचून मजा आली. ६० चं उत्तर तूच खाली लिहिलंस.

व्ही ६ म्हणजे तीन सिलिंडर या बाजूला, तीन त्या बाजूला. दोन्ही बाजूंचे पाइप शेवटपर्यंत वेगळे ठेवले तर प्रत्येक पाइपला तीनच सिलिंडर माहिती, म्हणजे एका फेरीत दीड ठोका, २४०० ला ६० हर्ट्झ. दोन्ही बाजू आलटून पालटून पेटतात त्यामुळे ते दोन ६० एकमेकांच्या उलट असतात आणि कुठेतरी भेटले असते तर एकमेकांना बरेचसे खाऊन टाकले असते, उरला असता १२०. कंपनीने मधोमध जोड दिलेला असणार, एक्ससारखा किंवा एचसारखा, बहुतेक त्यालाच लागून रेझोनेटर. तो कापला आणि ६० मोकाट सुटला. तुझ्या गाडीचा सूर त्यामुळे थोडा खरबरीत, घोगरा येत असणार.

म्हणून आता क्रम महत्त्वाचा. आधी मधला जोड आणि रेझोनेटर परत, मागच्यांचं पॅकिंग, मग परत मोजायचं. आत्ताच ६० चा सूर मारायला बंद तोंडाची वेगळी नळी बसवायला निघालास तर ती जवळजवळ दोन मीटर लांब होईल, ठेवणार कुठे?

रेडलाइन_राजा:
एक्स पाइप टाकला की आवाज बारीक होतो, घोगरेपणा जातो. विचार करून कर भावा. मला तरी वेगळे पाइपच आवडतात.

पाना_दहाअकरा:
सूर वर जातो हे खरंय, नीट गुळगुळीत होतो, काहींना तोच जास्त आवडतो. ज्याला हायवेवर तासन्तास बसायचंय त्याने ठरवायचं. पण @वळणवेडा, जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्यांकडे तुझ्या मॉडेलचा मूळ मधला भाग मिळतो का आधी विचार. बाहेरचे एक्झॉस्ट लावणारे खूप, त्यामुळे काढून टाकलेले ओरिजिनल तुकडे बऱ्याचदा चांगल्या अवस्थेत पडून असतात, आणि बोल्टने बसतात, कापाकापी वाचते. अख्खा ओरिजिनल मिळाला तर तोही घेऊन ठेव, वापर अथवा नको. पुढे तपासणीला, विकताना, कधी ना कधी लागतोच. गाडी पास होते ती मूळ एक्झॉस्टवर. युरोपात नव्या साध्या कारची मर्यादा संयुक्त राष्ट्रांच्या ५१ नंबरच्या नियमानुसार ७२ वरून ७० आणि मग ६८ डेसिबलवर आणलीये, दमदार गाड्यांना थोडी सूट आहे. रस्त्यात उभी करून मोजतात तेव्हा माइक एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर आणि ४५ अंशात धरतात, तो आकडा वेगळा आणि बराच मोठा असतो. दोन्हीची गल्लत करून लोक भांडत बसतात.

वळणवेडा:
अपडेट. मूळ मधला भाग मिळाला, एक्सचा जोड आणि रेझोनेटर एकत्रच आहे त्यात. मागचे दोन्ही सायलेन्सर कापून नवं पॅकिंग भरून परत वेल्ड केले. 

६० चा डोंगर जवळजवळ सपाट! गाडी चालू करतानाच फरक कळला, पहाटेचा धुमाकूळ पण सौम्य झालाय, वरची खिडकी अजून उघडते पण लगेच बंद होते. सूर बदललाय, रेडलाइन म्हणाला तसा बारीक नाही म्हणणार मी, स्वच्छ झालाय. वर ५००० ला तर आधीपेक्षा छान वाटतो.

१२० मात्र आहे अजून. आधीच्यापेक्षा कमी पण २४०० ला जाणवतो. बायको आता बाजूला बसते, फक्त मधेमधे डॅशबोर्डकडे बघून ‘वाजतंय’ म्हणते. हे पण जाईल का?

लहरी_माणूस:
जाईल. आता ती बंद तोंडाची नळी बसवायची, वरून बघितलं तर इंग्रजी जे सारखी दिसते म्हणून लोक जे पाइप म्हणतात. मुख्य पाइपला फाटा फोडून एक नळी लावायची, तिचं दुसरं टोक सील. लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि लांबी लाटेच्या पाव असेल तर बरोबर उलटी होऊन येते आणि त्या एका सुराला मारते. बाकीच्या सुरांना फारसा हात लावत नाही, म्हणून तुला जे आवडतं ते शिल्लक राहतं. त्यातून वायू वाहत नाही, त्यामुळे ताकदीवर नाव घेण्यासारखा परिणाम नाही.

लांबी काढताना नव्वद टक्के लोक इथे फसतात. खोलीच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, तो धरला तर १२० हर्ट्झला लांबी येते ७१ सेंटीमीटर. पण एक्झॉस्टचा वायू गरम असतो आणि गरम वायूत आवाज जोरात पळतो, ३०० डिग्रीला साधारण ४८० मीटर. म्हणजे लांबी हवी एक मीटर. ७१ ची बनवलीस तर ती मारेल १७० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ३४०० आरपीएमला, जिथे तुला काही त्रासच नाही, आणि मग तू इथे येऊन लिहिशील की जे पाइप बकवास आहे. त्यात अजून एक भानगड, फाट्यात वायू वाहत नसल्याने तो मुख्य पाइपपेक्षा थंड राहतो. आत २०० डिग्री असेल तर वेग ४३५ आणि लांबी ९० सेंटीमीटर. त्यामुळे ९० ते १०० मध्ये कुठेतरी. एका नळीत दुसरी सरकणारी ठेव, क्लॅम्पने आवळ, गाडी पूर्ण गरम करून हायवेवर नेऊन बघ, थोडी सरकव, परत बघ, आणि सापडली की मगच वेल्ड कर. लांबी मुख्य पाइपच्या मध्यापासून बंद टोकापर्यंत धरायची.

व्यास मुख्य पाइपएवढाच घे, बारीक नळीने फारच अरुंद पट्टा मरतो. जागा मागच्या सायलेन्सरच्या आधी, अगदी उघड्या टोकाजवळ नको, तिथे दाबाची लाट जवळजवळ शून्य असते आणि नळीला पकडायला काही मिळत नाही. आणि एक्सनंतर तुझे पाइप परत दोन होतात, म्हणून दोन्हीला एकेक लागेल.

शांत_केबिन:
मी वाचून थक्क. माझ्या मॅटचं मी एवढं कौतुक केलं उगाच 😅 काही नव्या गाड्यांत स्पीकरमधून उलटी लाट सोडून हेच करतात ना? आमच्या घरच्या फॅमिली कारमध्ये आहे.

लहरी_माणूस:
हो, तत्त्व तेच, फक्त तिथे माइक आणि स्पीकर आहेत. कंपनीने त्याच गाडीच्या केबिनसाठी बसवलेलं असतं म्हणून चालतं. आणि एक लक्षात ठेवा, अशी सिस्टीम असलेल्या गाडीत बाहेरचा एक्झॉस्ट लावला तर कधी कधी ती गोंधळते आणि उलट जास्त घुमतं.

चौथा_मजला:
आमच्या खालच्या साहेबांना हा धागा पाठवलाय. उत्तर आलं, ‘एक्स पाइप म्हणजे काय?’ म्हणजे आशा आहे.

वळणवेडा:
बसवले दोन्ही! सरकवत सरकवत ९४ सेंटीमीटरवर बसलं. लहरीसाहेब दंडवत. २४०० ला आता साधं बोलता येतं. २००० च्या खाली उंच गिअरमध्ये दाबलं तर थोडं गुरगुरतं पण ते मी असंही करत नाही.

शेवटची शंका, पानासाहेब. थंडीत चालू केल्यावर मागून पाणी टपकतं ते नॉर्मल आहे हे माहितीये, पण आता या बंद नळ्यांत ते साठून राहणार नाही का? आणि डावीकडची नळी डिकीच्या फ्लोअरच्या बरीच जवळून जातीये.

पाना_दहाअकरा:
साठणार, आणि आतून सडवणार. नळीचं बंद टोक मुख्य पाइपपेक्षा किंचित वर राहील असा उतार दे, म्हणजे पाणी परत मुख्य पाइपमध्ये येऊन वाफ होऊन जाईल. तेवढी जागा नसेल आणि टोक खालीच येत असेल तर सगळ्यात खालच्या बिंदूला दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाड, आवाजावर फरक पडत नाही. स्टेनलेस वापरलंय ना?

फ्लोअरपासून दोन बोटं तरी अंतर ठेव आणि मधे हीट शील्डचा पत्रा घाल, इंजिन तापल्यावर पाइप लांब होतो आणि रबरी हँगरवर हलतो पण. पेट्रोलची किंवा ब्रेकची लाइन जवळून जात नाही ना ते आत्ताच बघ, उद्या नको. आणि त्या लांब नळीला टोकाकडे एक हँगर दे, नुसती वेल्डवर लोंबती ठेवलीस तर वेल्डलाच तडा जाईल. हँगर मऊ रबराचाच घे. कडक पॉलियुरेथेनचे लोक हौसेने लावतात आणि मग सगळी थरथर बॉडीत जाते.

वळणवेडा:
स्टेनलेसच आहे. लाइन उजवीकडून जाते, डावीकडे काही नाही. हँगर आणि शील्ड या रविवारी करून टाकतो.